एअर पिस्तुलासाठी छर्रा कोणता घ्यावा : टूलरूमवाल्या बापाचा अनुभव

दहा मीटर एअर पिस्तूल खेळणाऱ्या लेकरांच्या आईबापांसाठी हे लिहितो आहे. निकाल आधी सांगतो, कारणं मागून. सरावाला आरडब्ल्यूएसचा ‘हॉबी’. स्पर्धेला त्याच कंपनीचा पिस्तुलासाठीचा ‘आर १० मॅच’, नाहीतर एच अँड एनचा पिस्तुलाचा ‘फिनाले मॅच’. पण नुसतं नाव वाचून डबा उचलायचा नाही. डब्यावरचा बॅच नंबर आणि डोक्याचा व्यास वाचायचा, आपल्याच पिस्तुलातून मारून बघायचा आणि मग त्याच बॅचचे डबे एकदम घ्यायचे. घाई असेल त्यांनी एवढ्यावर खरेदी केली तरी हरकत नाही. मात्र यामागचं कारण कळलं तर वर्षाला बरेच पैसे वाचतात. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत पोरांचा नेमबाजीचा खर्च पोटाला चिमटा काढून चाललेला असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी नोकरी वाळूज एमआयडीसीत, टूलरूममध्ये. शिकलो चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये, आणि तेव्हापासून आजपर्यंत डाय, म्हणजे धातूला आकार देणारे साचे, बनवणं, घासणं, दुरुस्त करणं हेच काम. थोरली लेक पिस्तूल खेळते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरनं एअर पिस्तूलमध्ये कांस्य घेतलं, त्याच आठवड्यात आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये कांस्य घेतलं, आणि आमच्या रेंजवर नव्या पोरांची रांग लागली. जालन्याहून, बीडहून, पैठणहून आईबाप लेकरांना घेऊन येतात. पिस्तूल कोणतं घ्यावं याची चौकशी सगळे करतात. छऱ्याबद्दल कुणी विचारत नाही, रेंजवर जो मिळेल तो घेतात. पिस्तूल एकदा घ्यायचं असतं, छर्रे मात्र दर महिन्याला. रोज साठ-सत्तर शॉट मारणाऱ्या पोराला पाचशे छऱ्यांचा डबा आठवडाभरच पुरतो.

छर्रा कसा तयार होतो, हे माझ्या धंद्यातलं आहे म्हणून तिथूनच सुरुवात करतो. शिशाची तार कापून छोटे तुकडे करतात. तो तुकडा डायमध्ये टाकून पंचनं, म्हणजे दाब देणाऱ्या पोलादी दांड्यानं, दाबतात. शिसं मऊ, दाब काढला तरी ते स्टीलसारखं मागं उसळत नाही. म्हणजे डायमधली पोकळी जेवढी, छर्रा तेवढाच. पुढं सपाट डोकं, मध्ये बारीक कंबर, मागं पोकळ घेर. घेराला आमच्या रेंजवर ‘स्कर्ट’च म्हणतात. डोकं नळीच्या आत कोरलेल्या आट्यांवर टेकतं आणि छऱ्याला सरळ धरतं. स्कर्ट पातळ असतो, मागून हवेचा दाब आला की फुलतो आणि नळी बंद करतो. डोकं सपाट असल्यामुळं कागदावर पंचिंग मशीननं पाडावं तसं स्वच्छ गोल भोक पडतं आणि गुण मोजताना वाद होत नाही.

आता डाय झिजते. कितीही कडक केलेली असो, लाखो तुकडे दाबल्यावर पोकळी मायक्रॉननं मोठी होतेच. कधी डाय बदलतात, कधी पंच बदलतात, कधी शिशाचा नवा लॉट येतो. चांगली कंपनी हे लपवत नाही. ती बॅच वेगळी ठेवते, मोजते आणि डब्यावर छापते. ४.४९, ४.५० असे जे आकडे डब्याच्या स्टिकरवर दिसतात ते छऱ्याच्या डोक्याचे व्यास, मिलिमीटरमध्ये. दोन्हींत फरक एक शतांश मिलिमीटरचा, म्हणजे दहा मायक्रॉन. ऐकायला काहीच नाही, पण डायवाल्याला दहा मायक्रॉन म्हणजे काय ते विचारा. तेवढ्या फरकात पंच डायमध्ये सरकतो किंवा अडकतो. नळीचं तसंच आहे. एखाद्या नळीला ४.४९ ढिला पडतो, दुसरीला तोच अगदी बरोबर बसतो. म्हणून ‘कोणता छर्रा चांगला’ या प्रश्नाला ‘कोणत्या नळीत’ हे जोडल्याशिवाय उत्तरच नाही.

माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो. तिकडं कायद्यानं चालतं, त्यामुळं तो पिस्तुलाची वापरलेली पितळी काडतुसं घरीच पुन्हा भरतो. त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलणं झालं की आमच्या दोघांचा विषय एकच, डाय. टेबलाला प्रेस, प्रेसला वरून डाय फिरवून बसवायची. ही डाय बसवण्याचे आटे तिकडं ठरलेले आहेत, सात अष्टमांश इंच व्यास आणि इंचाला १४ आटे, म्हणून एका कंपनीची डाय बहुतेक दुसऱ्या कंपनीच्या प्रेसला चालते. पहिली डाय फुगलेलं पितळ पुन्हा मापात आणते आणि जळालेला प्रायमर, म्हणजे बुडाची ठिणगी देणारी टोपी, काढते. दुसरी काडतुसाचं तोंड जरासं फाकवते. तिसरी गोळी बसवून तोंड आवळते. काही सेटमध्ये आवळण्यासाठी चौथी वेगळी असते. नवख्यानं पैसे कशावर घालावेत, तर पहिल्या डायमधल्या कार्बाइडच्या रिंगवर, असं तो सांगतो आणि मला ते शंभर टक्के पटतं. साध्या स्टीलच्या डायमध्ये प्रत्येक काडतुसाला वंगण लावावं लागतं, नाहीतर पितळ चिकटतं, ओरखडे पडतात. टंगस्टन कार्बाइडला सरळ भिंतीचं पिस्तुलाचं काडतूस कोरडंच चालतं. दुसरी गोष्ट आवळण्याची. ९ मिलिमीटरसारखं ऑटोमॅटिक पिस्तुलाचं काडतूस चेंबरमध्ये तोंडाच्या कडेवर टेकतं, म्हणून त्याला निमुळतं आवळायचं, कड आत वळवायची नाही. रिव्हॉल्व्हरचं ३८ स्पेशल मागच्या कडेवर टेकतं, त्याची तोंडाची कड गोळीवरच्या खाचेत वळवली तर चालते. डाय घेताना आपलं काडतूस कुठं टेकतं हे आधी बघायचं, हा त्याचा नियम.

आपल्याकडं हे घरी करायचं नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणं दारूगोळा तयार करायला परवाना लागतो आणि खेळाच्या हौसेपायी त्या वाटेला कुणी जाऊ नये. एअर पिस्तुलाचं तसं नाही. ४.५ मिलिमीटर म्हणजे पॉइंट १७७ ची नळी आणि २० जूलपर्यंतची ताकद असलेल्या हवेच्या हत्यारांना २०१६ च्या नियमांत परवान्यातून सूट आहे. दुकानदार ओळखपत्र मागतो, ते द्यावं. आमच्या लेकरांचं सामन्याचं पिस्तूल पाच-सहा जूलचं असतं. तेव्हा डाय निवडायचा मान आपल्याला नाही. दुसऱ्या कुणाच्या डायमधून निघालेला माल निवडायचा, एवढंच आपल्या हातात.

ही निवड किती बारकाईनं करावी? रेंजवर रायफलवाल्या मुलांचे पालक सांगतात, “भाऊ, सगळ्यात महागडा घ्या, आमच्या पोराचे गुण वाढले.” ते खोटं बोलत नाहीत, पण त्यांचं टार्गेट वेगळं आहे. रायफलच्या कागदावर दहाचं वर्तुळ अवघं ०.५ मिलिमीटरचं, पेनानं टेकवलेला ठिपका. पिस्तुलाचं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं. छऱ्याची कड वर्तुळाला शिवली तरी गुण मिळतो आणि छर्रा स्वतः साडेचार मिलिमीटरचा. म्हणजे रायफलमध्ये छऱ्याचं केंद्र मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत हवं, पिस्तुलात आठ मिलिमीटरच्या आत. त्यात रायफलच्या पात्रता फेरीत दशांश गुण धरतात, पिस्तुलाच्या पात्रता फेरीत पूर्णांकच धरतात. दशांश येतात ते अंतिम फेरीत. साठ शॉट, पंचाहत्तर मिनिटं, एका हातानं धरलेलं दीड किलोच्या आतलं पिस्तूल. यात नऊ कशामुळं आला याचं उत्तर बहुतेक वेळा हातात आणि ट्रिगरच्या बोटात असतं.

तरी छर्रा काही फुकटचा नाही. समजा पिस्तूल शिकंज्यात घट्ट धरलं आणि एकाच जागी रोखून छर्रे मारले. त्यांची भोकं केंद्रापासून केंद्रापर्यंत चार मिलिमीटरमध्ये आली, तर मधल्या बिंदूपासून कोणताही छर्रा दोनच मिलिमीटर हलतो. आठातले दोन गेले, लेकराच्या हाताला सहा उरले. भोकांच्या अशा पुंजक्याला आम्ही गठ्ठा म्हणतो; तोच सहा मिलिमीटरचा असेल तर हाताला पाच उरतात. आणि बारा मिलिमीटरचा असेल तर हाताला उरतात दोन. पोरीनं अगदी बरोबर शॉट सोडला तरी नऊ दिसू शकतो. ती मग स्वतःच्या हाताला दोष देते, पकड बदलते, उभं राहणं बदलते, आणि जे बरोबर होतं तेही बिघडवून बसते. सुरुवातीच्या लेकरांचं वाईट छऱ्यानं होणारं खरं नुकसान हे आहे. गुणांचं नुकसान त्यापुढं किरकोळ. म्हणून चार आणि सहा मिलिमीटरच्या भांडणात मी पडत नाही, पण बारावाला छर्रा घरात येऊ देत नाही.

तपासण्यासाठी मी ॲल्युमिनियमचं एक फिक्स्चर बनवलं. व्ही-ब्लॉकमध्ये नळी, वरून चामडं लावलेला जबडा, आणि सगळं जड टेबलाला बोल्टनं पक्कं. हवेच्या सिलिंडरला धरायचं नाही, त्यावर ताण आला की नेम सरकतो. लेकीचं पिस्तूल मोरिनीचं आहे, जुनं घेतलेलं, इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं. ते अशा कामाला फार सोयीचं, बोट लागलं तरी धक्का बसत नाही. प्रत्येक प्रकारचे आधी काही छर्रे नुसते मारून नळीला त्या शिशाची सवय लावायची, मग पाच-पाचचे गठ्ठे मारायचे. एका गठ्ठ्यावर निकाल द्यायचा नाही. पाचातला एक लांब गेला तर तो सोडून उरलेले चार मोजायचे, असं काही जण करतात. मला हे मान्य नाही. लांब गेलेला छर्रासुद्धा त्याच डब्यातला आहे. सामन्यात तो गेला तर पंच ‘हा धरू नका’ म्हणणार नाहीत. मोजायला व्हर्निअर. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत माप घ्यायचं आणि त्यातून साडेचार वजा करायचे.

लेकीच्या पिस्तुलात ‘आर १०’ चा ०.४५ ग्रॅमचा छर्रा सगळ्यात चांगला निघाला. गठ्ठे चारेक मिलिमीटरचे, कधी त्याहून लहान, आणि मुख्य म्हणजे सगळे एकसारखे. ‘फिनाले मॅच’ पिस्तुलाचा ०.४९ ग्रॅमचा, डोकं ४.५० चा, जवळजवळ तेवढाच. त्याचाच ४.४९ जरा पसरला. ती छऱ्याची खोड नाही, आमच्या नळीला तो ढिला आहे इतकंच. शेजारच्या लेनवरच्या मुलाच्या पिस्तुलात नेमका ४.४९ च लागू पडला. ‘फिनाले मॅच’ मधली मला आवडलेली गोष्ट म्हणजे डोक्याचे वेगवेगळे व्यास सहज मिळतात, त्यामुळं नळीला जुळवायला जागा राहते. कंपनी जर्मनीची, १८२५ पासूनची, आणि टूलरूमच्या माणसाला तिची मापं ठेवण्याची पद्धत बघून बरं वाटतं. ऑफिसातल्या प्रोफाइल प्रोजेक्टरवर परवानगी काढून छऱ्यांच्या सावल्या मोठ्या करून बघितल्या, तर डोक्याची कड एका छऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत हलत नव्हती. छर्रा मायक्रोमीटरनं मोजू नका. त्याचं दाब सांगणारं रॅचेट टकटकेपर्यंत शिसं दबलेलं असतं.

‘हॉबी’ हा नावाप्रमाणं हौशी लोकांचा छर्रा. वजन तेच ०.४५ ग्रॅम, डोकं सपाट, पाचशेचा डबा, आणि ‘आर १०’ च्या मानानं खूप स्वस्त. आमच्या नळीत त्याचे गठ्ठे साधारण सहा मिलिमीटरचे. वरचा हिशेब धरला तर ‘आर १०’ पेक्षा हाताच्या वाट्याचा एक मिलिमीटर जास्त खातो. रोजच्या सरावात हा एक मिलिमीटर मी आनंदानं देतो आणि वाचलेल्या पैशात दुसरा डबा आणतो. ‘हॉबी’ आणि ‘आर १०’ चं वजन सारखं आहे हाही मोठा फायदा. सामन्याच्या आधी छर्रा बदलला तरी साइट फार हलवावी लागत नाही. ‘माइस्टरकुगेल्न’ हा या दोघांच्या मधला, पिस्तुलासाठीचा ०.४५ ग्रॅमचाच. किंमतही मधली. जिल्हास्तरावर खेळणाऱ्या आणि एकच छर्रा ठेवू इच्छिणाऱ्या पोराला मी हाच सुचवीन.

सुटे, बिननावाचे, पिशवीत मोजून मिळणारे छर्रेही मारून बघितले, कारण गावाकडून येणारी लेकरं तेच वापरत होती. नाव घेत नाही. प्रोजेक्टरवर एकाची कंबर मध्यावर, दुसऱ्याची एका बाजूला. डोक्याला शिशाची पातळ फ्लॅश, म्हणजे बाहेर आलेली जादा कड, राहिलेली. डायचे दोन भाग झिजून मध्ये फट पडली की अशी फ्लॅश येते, आमच्याकडं असा तुकडा आला तर डाय त्याच दिवशी मशीनवरून उतरते. गठ्ठे बारा मिलिमीटरच्या पुढं. भोकरदनकडच्या एका शेतकऱ्याचं पोरगं हेच छर्रे वापरत होतं, हात दगडासारखा स्थिर आणि गुण मात्र वर-खाली. त्याच्या वडिलांना कागद दाखवले. त्यांनी दोन्ही गठ्ठे बराच वेळ बघितले आणि म्हणाले, “भाऊ, म्हणजे लेकराची चूक नव्हती.” आता त्यांचं पोरगं ‘हॉबी’ वर आहे.

वजनाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. काही पालक प्रत्येक छर्रा तोलून वेगळा ठेवतात. सराफ्यातल्या ओळखीच्या दुकानात बसून मीही सोन्याच्या काट्यावर छर्रे तोलले, आणि नंतर कागदावर गणित केलं. छर्रा सेकंदाला सुमारे दीडशे मीटर वेगानं निघतो असं धरलं तर दहा मीटरला त्याला सुमारे ६७ मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्यात तो साधारण २२ मिलिमीटर खाली येतो. साइट हे आधीच धरून लावलेली असते. आता एखादा छर्रा एक टक्का जड असेल तर वेग साधारण अर्ध्या टक्क्यानं घटतो आणि छर्रा फार तर ०.२ मिलिमीटर खाली लागतो. आठ मिलिमीटरच्या परवानगीत ०.२. त्यासाठी लेकराची किंवा आईची संध्याकाळ घालवू नका. मात्र ०.४५ वरून ०.४९ च्या छऱ्यावर गेलात तर नेम दोनेक मिलिमीटर खाली येतो, तेवढी साइट फिरवावी लागते. सामन्याच्या दिवशी सकाळी प्रकार बदलू नये, तो याचसाठी.

तोलण्यात वेळ घालवण्यापेक्षा स्कर्ट बघा. स्कर्ट कागदासारखा पातळ असतो आणि डबा एकदा आपटला की तळातले छर्रे चेपतात. चेपलेला स्कर्ट नळी नीट बंद करत नाही, हवा एका बाजूनं निसटते आणि छर्रा तोंडातून बाहेर पडतानाच तिरपा होतो. चांगल्या डब्यातला चेपलेला छर्रा वाईट डब्यातल्या सरळ छऱ्यापेक्षा वाईट लागतो, हे फिक्स्चरवर स्वच्छ दिसलं. लेक सामन्याच्या आदल्या संध्याकाळी आरशाच्या तुकड्यावर छर्रे हळूच घरंगळवते. सरळ छर्रा एका गतीनं कमानीत फिरतो, चेपलेला अडखळतो. अडखळलेले सरावाच्या डबीत, चांगले स्पंजच्या खाचांच्या डबीत.

खरेदीबद्दल. संभाजीनगरात बॅच निवडून देणारं दुकान मला सापडलं नाही. खेळाच्या दुकानांत छर्रे मिळतात, पण ‘दोन्ही डबे एकाच बॅचचे द्या’ म्हटलं की काउंटरवरचा मुलगा गोंधळतो. मी पुण्याच्या एका दुकानातून मागवतो. तिथले गृहस्थ फोनवर डब्याच्या मागचा नंबर वाचून दाखवतात, डोक्याचा व्यास सांगतात, आणि ‘आधी एकच डबा पाठवा, पसंत पडला तर त्याच बॅचचे बाकीचे बाजूला ठेवा’ ही विनंती मान्य करतात. छऱ्याच्या व्यवहारात मला एवढीच सेवा हवी असते. दुसऱ्या एका विक्रेत्यानं एकाच पार्सलमध्ये तीन वेगळ्या बॅच पाठवल्या आणि विचारलं तर ‘सगळे सारखेच असतात काका’ म्हणाला. सारखे असते तर कंपनीनं नंबर छापायची मेहनत घेतली नसती. त्याच्याकडून पुन्हा काही घेतलं नाही.

कुरिअर हा मधला धोक्याचा टप्पा आहे. पाचशे छर्रे म्हणजे पाव किलोच्या आसपास शिसं, पत्र्याच्या डबीत. वरून टाकलं की आतले छर्रे एकमेकांवर आपटतात आणि झाकण सुटलं तर सगळं पार्सलभर. ऑर्डर देतानाच सांगा : झाकणाला चिकटपट्टी, डब्याच्या आत वरून स्पंजची चकती, डब्याभोवती जाड पुठ्ठा. चांगला दुकानदार कुरकुर करत नाही. पार्सल आलं की लेकरांसमोर घाईनं फाडू नका, डबा उघडून वरचा थर आणि मग कडेचे छर्रे बघा. चेपलेले दिसले तर लगेच फोटो काढून पाठवा.

डबा घरात आल्यावर शिशाची काळजी घ्या, यात तडजोड नाही. छर्रे तोंडात धरायचे नाहीत. मोठी माणसं गंमत म्हणून तसं करतात आणि लेकरं बघतात. सराव संपला की साबणानं हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही, पाण्याची बाटली फायरिंग पॉइंटवर ठेवायची नाही. पावसाळ्यात झाकण उघडं राहिलं तर शिशावर पांढरट भुकटी धरते. ती फुंकर मारून उडवू नका, तो डबा ओल्या कापडात गुंडाळून बाजूला करा आणि ते छर्रे लहान मुलाच्या हातात देऊ नका. टार्गेटमागच्या ट्रॅपमधलं शिसं गोळा करण्याचं काम आमच्या रेंजवरच्या सरांनी मुलांकडून कायमचं काढून घेतलं, ते फार चांगलं केलं. वापरलेला छर्रा पुन्हा मारायचा नाही हे सांगायची गरज नसावी, पण नवीन पोरं विचारतात.

राज्य स्पर्धेचा अर्ज भरायची वेळ आली की त्याच्या दोन महिने आधी छर्रे तपासून घ्या, म्हणजे बॅच बदलावी लागली तरी हाताशी वेळ राहतो. एका मोसमाला सामन्याचे तीन-चार डबे एकाच बॅचचे पुरतात, सरावाचे वेगळे. लेकराला वर्षभर सामन्याचाच महागडा छर्रा द्यावा का, असं विचाराल तर माझं उत्तर नाही असंच आहे. त्या पैशात प्रवासाचं तिकीट निघतं, आणि बाहेरच्या रेंजवर एक सामना जास्त खेळल्यानं जे मिळतं ते डब्यात मिळत नाही. माझं फिक्स्चर रेंजच्या कपाटात ठेवलेलं आहे. मराठवाड्यातल्या कोणत्याही जिल्ह्यातून येणाऱ्या पोराला ते वापरायला मिळावं असं सरांशी बोलून ठरवलं आहे. येताना दोन-तीन प्रकारचे डबे आणि स्वतःचं पिस्तूल आणा, व्हर्निअर आणि टार्गेटचे कागद तिथं आहेत.